मडकं पुढं, गाडी मागं

जुन्या डॉज मोटारीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, हे मला कुणी सांगायची गरज पडायला नको होती. माझ्या बाबांनी २१ वर्षं हीच गाडी चालवली. तरी २०२२च्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी पुढच्या डाव्या चाकाला पाना लावला, नेहमीच्या बाजूनं जोर केला, बोल्ट हलेना म्हणून पान्याच्या दांड्यात पाइप घातला आणि त्यावर उभा राहिलो. कटकन आवाज आला. बोल्ट सुटला नाही, तुटला.

मिस्त्रीचाचा शेडच्या दारातून ओरडत आले. "सर, थांबा! डाव्या बाजूचे उलटे खुलतेत. डॉज, प्लिमथ, डिसोटो, साऱ्याईचे असेच रायतेत."

चाचा तेव्हा ७४ वर्षांचे. तरुणपणी नागपुरात अमेरिकन गाड्यांवर काम केलेला, आणि अजून हातात पाना धरणारा आमच्या भागातला बहुतेक हा शेवटचा माणूस. क्रायस्लरच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांना डावीकडे डावे आटे देत, म्हणजे चाक पुढं फिरताना बोल्ट आपोआप ढिला होत नाही, असं त्यांनी मला समजावलं. मग आत अडकलेला बोल्टचा तुकडा काढायला त्यांना दुपार लागली. त्या दुपारी ते एकदाही माझ्यावर चिडले नाहीत. पण त्यानंतर कुठलाही नट खोलण्याआधी मी त्यांना विचारू लागलो.

गाडी डॉज किंग्जवे, १९५१ची. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेली. आर्वी-पुलगाव पट्ट्यातल्या आमच्या गावात तेव्हा कापसाचं जिनिंग जोरात होतं, आणि जिनिंगच्या शेठजींनी ती घरच्या वापराला घेतली. १९६३ साली त्यांनी ती गावातल्या धर्मार्थ दवाखान्याला देऊन टाकली. दवाखान्याला मोटार नको होती, रुग्णवाहिका हवी होती. म्हणून पुढच्या दारांच्या मागून छप्पर कापलं, मागची सीट काढली, आलापल्लीच्या सागवानाचा सांगाडा उभा केला, त्यावर पत्रा ठोकला आणि मागं दोन पाखांचं दार बसवलं. त्या काळच्या डॉजला खाली वेगळी चेसिस असते, बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. त्यामुळं वरचं सगळं कापलं तरी खालची गाडी शाबूत राहिली. अँबॅसडरला असं केलं असतं तर जमलं नसतं, कारण तिची बॉडी हाच तिचा कणा असतो.

बाबा १९६८ला त्या गाडीवर लागले. तोवर ती नुसती रुग्णवाहिका राहिली नव्हती. सेवाग्रामला, नागपूरच्या मेडिकलला पेशंट न्यायचा. तो तिथं दगावला तर त्याच गाडीत परत आणायचा. आणि पावसाळ्यात नदीकडची वाट चिखलानं भरली की गावातली तिरडीसुद्धा हीच गाडी मोक्षधामापर्यंत न्यायची. लोक तिला दोन नावांनी बोलवत. घाईत असले की "दवाखान्याची मोटार", नाही तर "वैकुंठरथ".

१९८९च्या मे महिन्यात एका मयतीत ती घाटाच्या उतारावर तापून बंद पडली. तिथून तिला बैलांनी ओढत जिनिंगच्या शेडमध्ये आणली आणि तिथंच ती राहिली. बाबा २००९ला गेले, तेव्हा श्रावणातला पाऊस होता. त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नेलं. मी मडकं धरून पुढं चालत होतो आणि मागून ट्रॅक्टर सारखा गचके खात होता. ट्रॅक्टरवाला बिचारा नवखा पोरगा होता, त्याला वेग जमत नव्हता. तो आवाज मी विसरलेलो नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी शेडची किल्ली मागितली, त्याचं कारण तेच.

कामाचा पहिला हिवाळा इंजिन सोडवण्यात गेला. सहा सिलिंडर, साडेतीन लिटरच्या थोडं वर, ३३ वर्षं न फिरलेलं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल मिसळून ओतलं, दोन आठवडे तसंच ठेवलं, मग हेड उतरवून पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकलं. पाच सुटले, एक दीड महिना अडून बसला. ब्रेकचे व्हील सिलिंडर लेथवर साफ करून घेतले. मागचे ड्रम काढायला वेगळा मजबूत पुलर लागतो, कारण ते निमुळत्या एक्सलवर घट्ट बसलेले असतात. तो चाचांनी स्वतः बनवला. वायरिंग सगळं नवं केलं. ही ६ व्होल्टची गाडी आहे आणि तिची अर्थ पॉझिटिव्हला असते, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक सांगाड्याला जोडतात, हे मी वायरिंगवाल्या पोराला तीनदा सांगितलं, आणि चौथ्यांदा कागदावर लिहून बॅटरीच्या वर चिकटवलं.

इंजिन २०२३च्या होळीला सुरू झालं. ते एवढं गुळगुळीत चालतं की बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडत नाही. आम्ही दोघं खूश. पण शेडबाहेर काढून जिनिंगच्या आवारात चालवली, तर तिसऱ्या फेरीलाच काटा लालात गेला आणि रेडिएटरच्या झाकणातून वाफ आली. रेडिएटर नवा भरलेला होता. पंप नवा. थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. चाचांनी हेड पुन्हा उतरवलं, गॅस्केट बदललं, टायमिंग पाहिलं. काहीच फरक नाही. एप्रिल आणि मे असेच गेले. वर्ध्याकडचा उन्हाळा, पंचेचाळीसचा पारा. चाचा रोज सकाळी सहाला येत आणि दहाला घरी जात.

उत्तर बाबांच्या वहीत होतं.

वही घरात ट्रंकेत होती. मी ती वाचायला म्हणून काढली होती, दुरुस्तीसाठी नाही. लाल पुठ्ठ्याची, प्रत्येक फेरीची नोंद असलेली. तारीख, कुठून कुठं, मैल (गाडीचं मीटर मैलांचं आहे), आणि एका रकान्यात "पेशंट" किंवा "मयत". कधी कधी एकच नाव लागोपाठच्या दोन ओळींत यायचं, वरच्या ओळीत पेशंट आणि खालच्या ओळीत मयत. त्या जागी मी थांबत होतो. शेवटच्या रकान्यात बाबांनी पाणी टाकल्याची नोंद ठेवली होती. तीन-चार पानं उलटल्यावर लक्षात आलं की सेवाग्रामच्या फेऱ्यांसमोर "पाणी नाही" किंवा "पाणी १", आणि मोक्षधामासमोर "पाणी ३", "पाणी ४". सेवाग्राम कितीतरी लांब, मोक्षधाम दोन किलोमीटर. आणि १९७५च्या आधी मोक्षधामासमोरही पाण्याचे आकडे कमी होते, नंतर वाढत गेले.

मी वही घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी ती हातात घेतली नाही, मला वाचून दाखवायला सांगितली. मी दहा-बारा नोंदी वाचल्या. चाचा खाटेवरून उठले. "नळी," ते म्हणाले. "आतली नळी सडली. मले इतके दिवस काऊन नाही सुचलं बापा!"

ही नळी काय आहे ते सांगतो, कारण अशा जुन्या गाडीवर काम करणाऱ्या कुणाच्याही ती कामी येईल. या इंजिनांत व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी असतात. म्हणजे जळालेल्या वायूची बरीच उष्णता ब्लॉकच्या पोटात राहते, आणि ती सर्वात जास्त साचते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला. पाण्याचा पंप पुढं आहे. पाणी नुसतंच सोडलं तर पुढचे सिलिंडर गार आणि मागचे दोन तापलेले राहतील. म्हणून पंपाच्या मागून ब्लॉकच्या पूर्ण लांबीत एक चपटी नळी घातलेली असते. तिला ठरावीक जागी भोकं असतात, आणि त्यातून थंड पाणी नेमकं व्हॉल्व्हच्या बैठकींवर जातं. ही नळी पत्र्याची असते. ती गंजते. बाहेरून काहीच दिसत नाही. रेडिएटर भरलेला, पंप चालू, आणि तरी मागचे सिलिंडर होरपळत असतात. गाडी वेगात असली तर हवेचा झोत आणि पंपाचा जोर यांवर कसंतरी निभावतं. मयतीच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, मे महिन्यात, निभावत नाही. १९८९ला घाटावर बंद पडलेल्या गाडीला दोष दिला गेला बाबांना. क्लच दाबून ठेवला, इंजिन रेस केलं, असं चार माणसांत म्हटलं गेलं. बाबा काही बोलले नव्हते.

नळी काढायला रेडिएटर, पंखा, पंप सगळं उतरवावं लागतं. मग टोक वाकवलेली लांब सळई आत घालून ती ओढायची. पूर्ण निघाली तर नशीब. आमची सहा तुकड्यांत निघाली, त्यात मागचा एक वीतभर भाग नव्हताच. तो गाळ होऊन ब्लॉकच्या तळाशी बसला होता. ब्लॉकच्या बाजूचे गोल टोपणासारखे प्लग काढले तेव्हा आतून पांढरट, कडक खपल्या आणि तांबडा चिखल निघाला. विहिरीच्या जड पाण्याचे कितीतरी वर्षांचे थर. आठ दिवस तारेच्या ब्रशनं आणि पाण्याच्या दाबानं धूत होतो.

नवी नळी बाहेर देशातून मागवता येते, पण मला भंडारा आठवलं. पितळेचं गाव आहे ते. तुकडे जुन्या चादरीत बांधून मी एसटीनं भंडाऱ्याला गेलो. तीन ठिकाणी नाही म्हणाले. चौथ्या ठिकाणच्या कारागिरानं तुकडे जमिनीवर मांडले, खाली कागद घातला, एकेका भोकाची जागा पेन्सिलीनं उतरवली आणि जो भाग नव्हता तिथल्या भोकांचं अंतर पुढच्या भागावरून काढलं. भोक एवढं एवढंही सरकलं तर पाणी बैठकीवर न पडता भिंतीवर पडेल, हे मी त्याला सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "सर, चित्र काढून द्या, गोष्ट नोका सांगू." मी चित्र काढून दिलं. पाच दिवसांनी पितळेची सोन्यासारखी नळी मिळाली. पितळ लोखंडासारखं गंजत नाही. ती ब्लॉकमध्ये सरकताना चाचांनी "बिस्मिल्ला" म्हटलं आणि मी गजाननाचं नाव घेतलं.

बॉडीचं काम सुतारानं केलं. सागवानाचा आतला गाभा जसाच्या तसा होता, बाहेरचा पांढरा भाग तेवढा वाळवीनं खाल्लेला. आत दोन्ही बाजूंच्या लाकडाला, गुडघ्याच्या उंचीवर, पुढून मागपर्यंत दोन लांब खोलगट चरे आहेत. खाली स्ट्रेचर सरकवायला लोखंडी पट्ट्या आहेत, पण तिरडी स्ट्रेचरपेक्षा रुंद असते. बांबू दोन्हीकडं घासत जायचे. लांबीही जास्त, म्हणून मागची दोन्ही पाखं उघडी ठेवून दोरीनं बांधावी लागत. सुतार ते चरे रंधा मारून सपाट करायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. तो माझ्याकडे बघत राहिला. "असंच ठेवायचं?" म्हणाला. असंच ठेवायचं.

याच सुमारास मुंबईचे एक संग्राहक गाडी पाहायला आले. फार जाणते, सभ्य गृहस्थ. त्यांनी खाली वाकून चेसिस पाहिली, नंबर पाहिले, आणि आकडा सांगितला. तो आकडा ऐकून दवाखान्याच्या ट्रस्टींपैकी दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पण त्यांना मागची पेटी नको होती. ती कापून काढायची आणि मूळ सेडानची बॉडी पुन्हा बसवायची, असं त्यांचं म्हणणं. "हिची मूळ शोभा परत आणू," असं ते म्हणाले. जगभर हे होत आलं आहे. पहिल्या महायुद्धात रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट गाड्या रुग्णवाहिका झाल्या. नंतर इंग्लंडात कितीतरी जुन्या रोल्स शववाहिका होऊन टिकल्या. श्रीमंतांनी सोडल्या तरी अंत्यविधीवाल्यांनी त्या जपल्या. आणि मग संग्राहकांनी तीच शववाहिकेची बॉडी फेकून वर उघड्या टूररची नवी बॉडी चढवली. जिनं गाडी वाचवली तीच पेटी भंगारात गेली. हे मला पटत नाही. अमेरिकेत फ्रीपोर्ट गावची हेनी कंपनी पॅकार्डच्या चेसिसवर शववाहिका आणि रुग्णवाहिका बनवायची, आणि कॅडिलॅक तर अशा बॉडीसाठी वेगळी लांब चेसिसच द्यायची. तिथं १९७०च्या दशकापर्यंत गावोगावी रुग्णवाहिका चालवायचे तेच लोक, जे अंत्यविधी करायचे. एकच गाडी, दोन्ही कामांना. हे मी वाचलं तेव्हा मला बाबांच्या वहीतला तो रकाना दिसला. आमचं गाव काही वेगळं करत नव्हतं. जिथं साधनं कमी, तिथं माणसाला वाचवायला आणि पोचवायला एकच मोटार असते.

ट्रस्टींना मी हेच सांगितलं. १२ वर्षं ती सेडान होती, २६ वर्षं या रूपात होती. मग मूळ कुठलं? बैठक दोन तास चालली. गाडी विकायची नाही असं ठरलं. तीन विरुद्ध दोन.

कागदांचं काम मात्र जमलं नाही, ते सरळ सांगतो. जुलै २०२१मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. एका एजंटनं सुचवलं, "बॉडी मूळचीच आहे असं लिहा, कोण बघतो?" मी फॉर्म भरलाच नाही. बाबांनी २१ वर्षं वहीत खरं लिहिलं होतं. दुसऱ्यानं घाबरवलं की मयतीसाठी वेगळा परवाना लागेल. ते चूक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ६६व्या कलमात फक्त प्रेत आणि सोबतची माणसं नेणाऱ्या गाडीला परवान्याची सूट दिली आहे. पण नोंदणीच उभी राहत नाही तिथं परवान्याचं काय. २०१४पासून १०८ची गाडी येते, शववाहिनीही तालुक्याला आहे. गावाची अडचण होत नाही. म्हणून गाडी आवारातच राहणार, पण चालती राहणार, हे आम्ही ठरवलं.

खरी परीक्षा आम्ही मुद्दाम मे महिन्यात ठेवली. २०२४चा मे, दुपारी दोनची वेळ, रुईचे ढीग जिथं पडायचे ते मोकळं आवार. एक फेरी साधारण दोनशे मीटरची. चाचा स्टिअरिंगवर बसले. पहिल्या गिअरमध्ये घातली, पण वेग त्यांना ठरवता येईना. मीटरचा काटा एवढ्या कमी वेगाला हलतच नाही.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगत. नवा ड्रायव्हर आला की त्यालाही तीच सांगत. "मडकं पुढं, गाडी मागं. मडक्याले घाई नाही, तं गाडीले कायची?" मयतीत मुलगा मडकं धरून चालतो. त्याचे पाय अनवाणी असतात, रडून तो थकलेला असतो, मध्येच थांबतो. गाडीनं त्याच्या टाचेवर यायचं नाही आणि त्याला एकटंही सोडायचं नाही. दहा हातांचं अंतर, बस.

"तुमी चाला पुढं," चाचा म्हणाले. "मी तुमच्या मागं येतो."

मी चप्पल काढली. आवारातली माती तापलेली होती, पण चप्पल घालून ती चाल येत नाही, हे मला माहीत होतं. मी चालायला लागलो. मागून इंजिनाचा तो जाड, संथ आवाज दहा हातांवर येत राहिला. वळणावर मी थांबलो, तर तोही थांबला. ट्रॅक्टरसारखा एकही गचका नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत मी मागं वळून काट्याची चौकशी करत होतो. नंतर विचारणं सोडलं. सुतार, ट्रस्टींपैकी एक जण, जिनिंगचा म्हातारा चौकीदार कडुनिंबाच्या सावलीतून बघत होते. चौकीदारानं टोपी काढून हातात घेतली होती.

आठ फेऱ्या झाल्या तेव्हा माझ्या पायांना फोड आले होते. चाचांनी गाडी सावलीत घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं. मी आत वाकून पाहिलं. काटा मधोमध. त्यांनी हाताचा पंजा मागच्या सिलिंडरच्या बाजूनं ब्लॉकजवळ धरला, मग पुढच्या बाजूनं, आणि मान हलवली.

वही मी सोबत आणली होती. बाबांच्या शेवटच्या नोंदीनंतरचं पान कोरं होतं. तिथं तारीख लिहिली. कुठून कुठं: जिनिंग आवार, ८ फेऱ्या. पेशंट की मयत, त्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, म्हणून तो मोकळा सोडला. शेवटच्या रकान्यात लिहिलं, पाणी नाही.